दोन सेहेचाळीसचा मुहूर्त

दोन वाजून पाच मिनिटांनी हेस्टरने सगळं पुन्हा एकदा मोजलं. ॲशच्या लाकडाची दांडी एक, लांबी एकशे ब्याण्णव सेंटिमीटर, मधोमध चामड्याच्या पट्ट्याने झाडाच्या आडव्या फांदीला टांगलेली. दांडीच्या दोन टोकांना दोन टोपल्या, दोन्ही रिकाम्या, दोन्ही जमिनीपासून साडेसदुसष्ट सेंटिमीटरवर. खाली घोंगडीवर पाच दगड आणि पाच अंडी. चहाचे थर्मास तीन, त्यातला एक गळका. शहाजिऱ्याचा केक एक. मधाच्या दारूची बाटली एक, आधीच उघडलेली. कुत्री शून्य, कारण गेल्या वर्षी आयव्हरच्या कुत्रीने उजेडाच्या पारड्यातली तीन अंडी खाल्ली होती. माणसं पाच.

दगड सहा हवे होते, अंडी सहा हवी होती आणि माणसंही सहा. सहावा क्लेमंट. तो लडलोहून येणारी बस चालवत होता. म्हणजे या क्षणी तो कुठे असायला हवा ते वेळापत्रकात छापलेलं होतं, पण वेळापत्रकात मेंढ्या नसतात.

यंदा या काट्याची, म्हणजे या तराजूची, राखण हेस्टरकडे होती. चोवीस वर्षांची ही मुलगी रसायनशास्त्र शिकून दोन वर्षांपूर्वी वेनस्टो गावात आली. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची आणि संध्याकाळी एकटी जेवायची. वाचनालयाच्या फळ्यावर तिने एक चिठ्ठी वाचली: 'जुन्या देवांना मानणाऱ्यांची मंडळी. अमावास्येला मॅव्हिसच्या स्वयंपाकघरात. स्वतःचा कप आणावा.' देव आहेत की नाहीत याबद्दल हेस्टरकडे पुरेसा पुरावा नव्हता. कप मात्र होता. ती गेली आणि मग जातच राहिली.

काट्याची रीत अशी. हिवाळ्यातल्या सगळ्यात छोट्या दिवशी प्रत्येकाने ओढ्यातून अक्रोडाएवढा एक दगड उचलायचा आणि तीन महिने खिशात बाळगायचा. त्या हिवाळ्यात जे काही जड वाटेल ते त्या दगडाचं. मग मार्चमध्ये, दिवस आणि रात्र जिथे समसमान होतात त्या वसंतसंपाताला टेकडीवर यायचं, काय जड होतं ते एका वाक्यात सांगायचं आणि दगड अंधाराच्या पारड्यात ठेवायचा. त्यानंतर दुसऱ्या टोपलीत, म्हणजे उजेडाच्या पारड्यात, एक रंगवलेलं अंडं. सगळ्यांचं ठेवून झालं की दांडी सरळ व्हायला हवी. ठेवलेला दगड दुसऱ्या कुणी उचलायचा नाही. ज्याचा त्याने उचलला तर चालतं, पण मग ते ओझं पुढच्या मार्चपर्यंत त्याच्याच खिशात.

एरवी दांडी सरळ करणं फार अवघड नसे. उजेडाकडे वजन कमी पडलं की कुणी फुलं टाकी, कुणी केकचा तुकडा टाकी. एका वर्षी तर आयव्हरने आपली टोपी टाकली होती. पण यंदा तसं काही चालणार नव्हतं. यंदा काट्याने न्याय द्यायचा होता.

भांडण मुहूर्ताचं होतं.

मॅव्हिस ट्रँटरने गावातलं पोस्ट ऑफिस चौतीस वर्षं सांभाळलं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी टपालाची गाडी निघायची, सात वाजून सहा मिनिटांनी कधीच नाही. ही मंडळी तिने आणि आयव्हर बेडोजने एकतीस वर्षांपूर्वी सुरू केली. आयव्हर आयुष्यभर काटेरी झुडपं वाकवून शेतांची जिवंत कुंपणं विणत आला. दांडी त्याने तासली, टोपल्या तिने विणल्या. एकतीस वर्षांत प्रत्येक सण त्याच्या नेमक्या मिनिटाला झाला, मग तो पहाटे तीनला येवो की भर दुपारी.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, वसंताची चाहूल देणाऱ्या इम्बोल्कच्या सणाला, मॅव्हिसच्या स्वयंपाकघरात मेणबत्त्या लावून सगळे बसले असताना आयव्हर म्हणाला, "आपण यापुढे जवळचा रविवार धरूया का? क्लेमंटने तीन सण हुकवले. प्रू रात्रपाळी करून येते आणि उभ्या उभ्या झोपते."

"सूर्य रविवारची वाट बघत नाही," मॅव्हिस म्हणाली.

"सूर्याला बसची ड्यूटी नसते."

सगळे हसले. इथेच बिघडलं. मॅव्हिसला विरोध चालायचा, हसणं चालायचं नाही. ती म्हणाली, "देवाच्या वेळेला यायला ज्यांना जमत नाही त्यांनी घरी चहा प्यावा." त्यावर आयव्हर बोलू नये ते बोलून गेला. "पोस्ट बंद होऊन अकरा वर्षं झाली, मॅव्हिस. तू अजून शिक्के मारतेयस."

मॅव्हिसने एकेक करून सगळ्या मेणबत्त्या विझवल्या. पाहुण्यांनी आपापले कप अंधारात शोधले.

तेव्हापासून सात आठवडे दोघांचं बोलणं बंद होतं. मध्यस्थी हॉथॉर्नने केली. याचं बँकेतलं नाव कीथ, टेकडीवरचं हॉथॉर्न. तो दोन्ही घरी जाऊन निरोप पोचवायचा आणि दोन्हीकडे केक खायचा. शेवटी ठरलं ते असं: काटाच ठरवेल. वीस मार्चला दुपारी दोन वाजून सेहेचाळीस मिनिटांनी दांडी सरळ असेल तर मुहूर्त कायम. नसेल तर रविवार. पारड्यात फक्त दगड आणि अंडी. केक नाही, फुलं नाहीत, टोपी तर नाहीच.

पुढची गोष्ट मॅव्हिसने फक्त हेस्टरला सांगितली. दोघी अंडी रंगवायला कांद्याची सालं जमवत होत्या.

"रविवार ठरला तर मी यायची नाही, पोरी."

"रागावून?"

"छे. राग कसला आता. मला जमणारच नाही. ज्या दिवशी आकाशात काहीच घडत नाही, त्या दिवशी टेकडीवर उभं राहून मी हाक कुणाला मारू?"

हेस्टरने त्या रात्री झोपायच्या आधी हिशेब मांडला. मुहूर्त राहिला तर क्लेमंट आणि प्रू हळूहळू गळतील, कदाचित. रविवार झाला तर मॅव्हिस जाईल, नक्की. नक्कीचं नुकसान आधी टाळावं. आणि खरं सांगायचं तर हेस्टरला मॅव्हिसशिवायची टेकडी नको होती. कुंपणातल्या कुठल्या पाल्याची भाजी होते, कोबीने अंडं निळं कसं होतं, एकट्याने जेवताना रेडिओ कुठल्या बाजूला ठेवावा, हे सगळं तिला मॅव्हिसने शिकवलं होतं.

काट्याची राखण करणाऱ्याने सणाच्या आधी सगळ्यांचे दगड धुवायचे असतात. हेस्टरने ते धुतले, पुसले आणि प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोलले. मग मळ्यावरून तीस अंडी आणून तीही तोलली, आणि प्रत्येक दगडाच्या वजनाचं एकेक अंडं निवडलं. उकडल्यावर अंड्याचं वजन अर्धा ग्रॅमही बदलत नाही, हेही तिने तपासून घेतलं. सहाही जणांना आपापला दगड आणि रंगवायला आपापलं अंडं डब्यातून पोचतं केलं. एकूण फरक शून्य पूर्णांक चार ग्रॅम. उरलेल्या चोवीस अंड्यांचं ऑम्लेट ती आठवडाभर खात होती.

ही लबाडी होती का, असं तिने स्वतःला विचारलं होतं. उत्तर येण्याआधी तिने तराजू बंद केला होता.

"त्याला विचार, पट्टा तपासला का," आता टेकडीवर मॅव्हिस हेस्टरला म्हणाली. तिने गमबुटांवर सणाचा हिरवा झगा घातला होता आणि झग्यावर रेनकोट.

"तिला सांग, पट्टा एकतीस वर्षं मीच तपासतोय," आयव्हर म्हणाला.

"तुम्ही दोघं एकमेकांपासून चार फुटांवर आहात," हेस्टर म्हणाली.

"मोजलंस?" मॅव्हिसने विचारलं.

"एकशे अठरा सेंटिमीटर."

प्रू झाडाला टेकून डोळे मिटून उभी होती. सकाळी आठला तिची पाळी सुटली होती. हॉथॉर्नने तिच्या हातातला चहाचा कप हळूच काढून घेतला आणि स्वतः प्यायला. वारा पश्चिमेचा होता. खालच्या शेतात कोकरं आयांच्या नावाने ओरडत होती. कुंपणातल्या काळ्या काटेरी झुडपांवर पांढरा फुलोरा आला होता, पान मात्र अजून एकही नव्हतं.

अडीचला सुरुवात झाली. हॉथॉर्नने कागद काढून चार दिशांना हाक घातली. पूर्वेला हाक घालताना तो चर्चच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"कीथ," मॅव्हिस म्हणाली, "सूर्य तिकडून उगवला तर गावात बोंब होईल."

तो वळला. चारही दिशा झाल्यावर दगडांची पाळी आली.

"माझा डावा गुडघा," हॉथॉर्न म्हणाला आणि दगड ठेवला.

"जानेवारीतल्या अकरा रात्रपाळ्या, आणि बाराव्या रात्री गेलेला पेशंट," प्रू म्हणाली.

"एकटं जेवणं," हेस्टर म्हणाली. "आठवड्यातून चार वेळा. आधी सात वेळा होतं."

आयव्हर पुढे आला. त्याने दगड बराच वेळ मुठीत धरला. त्याची बायको नेस्ता दोन हिवाळ्यांपूर्वी वारली होती. "घरातली दुसरी खुर्ची," तो म्हणाला आणि दगड ठेवून मागे सरला.

मॅव्हिस शेवटी आली. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. "सात आठवडे," एवढंच म्हणाली.

आयव्हरने टोपी काढली आणि परत घातली.

मग अंडी. हॉथॉर्नचं विटकरी, हेस्टरचं निळं, आयव्हरचं न रंगवलेलं, कारण त्याच्या मते अंड्याला देवाने रंग दिलेलाच असतो. मॅव्हिसचं कांद्याच्या सालीचं, त्यावर नेचाच्या पानाचा ठसा. दांडी एकेका अंड्याने वर सरकत होती आणि हेस्टर मनातल्या मनात ग्रॅम वजा करत होती.

प्रूचं अंडं सगळ्यात सुंदर होतं. गडद निळ्यावर पांढऱ्या रेषांनी तीन ससे काढले होते, एकमेकांच्या मागे धावणारे. सगळे "अरे वा" म्हणाले. प्रूने ते पारड्यात ठेवलं.

दांडी जेमतेम हलली.

हेस्टरने दोन सेकंद वाट पाहिली. मग चार. "प्रू," ती म्हणाली, "हे उकडलंस ना?"

"उकडून कसं चालेल? फुंकलं. दोन टोकांना टाचणीने भोकं पाडायची आणि फुंकून आतलं बाहेर काढायचं. उकडलेल्यावर एवढे ससे काढायचे आणि आठवड्याने फेकून द्यायचं? हे वर्षानुवर्षं टिकेल."

"आतलं?"

"पॅनकेक केले. का गं?"

हेस्टरने खिशातून पोलादी टेप काढली. रिकाम्या टरफलाचं वजन सात ग्रॅम, म्हणजे एक्कावन्न ग्रॅम कमी. अंधाराचं पारडं साडेसत्तावन्नवर, उजेडाचं साडेसत्याहत्तरवर. फरक वीस सेंटिमीटर. क्लेमंटने येऊन त्याचा दगड आणि त्याचं अंडं ठेवलं तरी तो फरक वीसच राहणार होता, कारण ती दोन्ही तिने एकमेकांच्या वजनाचीच निवडली होती. वेळ दोन वाजून एकोणचाळीस.

"पोरी, तू पांढरी का पडलीस?" मॅव्हिसने विचारलं. मग तिने दांडीकडे पाहिलं, हेस्टरच्या हातातल्या टेपकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तू तोलून दिली होतीस होय गं?"

हेस्टरने होकारार्थी मान हलवली.

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"हळू कशाला बोलताय?" आयव्हर म्हणाला. "आम्हाला माहीत आहे. माझ्या अंड्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आयव्हर, छप्पन्न पूर्णांक दोन'."

"माझ्यावर एकसष्ट होतं," हॉथॉर्न म्हणाला. "मला वाटलं, वय लिहिलंय."

"मला वाटलं, हा कोंबडीचा नंबर," प्रू म्हणाली. "मी त्यावरच ससा काढला."

हेस्टरचे कान तापले. विज्ञानात नमुन्यावर खूण करायची इतकी सवय लागते की चोरीच्या मालावरही माणूस लेबल लावतो. पण कुणी रागावलं नव्हतं. मॅव्हिसने नुसता हेस्टरच्या रेनकोटच्या टोपीवरचा एक पाकळीचा तुकडा काढला आणि ती परत दांडीकडे बघत राहिली. तिचा चेहरा पोस्टाची खिडकी बंद केल्यासारखा झाला होता. दांडी तिरकी होती. सात मिनिटांत रविवार ठरणार होता, आणि मॅव्हिस मनातल्या मनात टेकडीचा निरोप घेत होती, हे त्या पाच जणांत फक्त हेस्टरला ठाऊक होतं.

निदान तिला तसं वाटत होतं.

"तो बघा!" हॉथॉर्न ओरडला.

खाली, ओढ्याजवळच्या लाकडी पायरीवर, बस कंपनीच्या गणवेशातला एक आडव्या अंगाचा माणूस कुंपण ओलांडत होता. क्लेमंट. त्याचा उजवा हात छातीशी मुडपलेला होता, पिल्लू धरावं तसा. पायरीवरून उतरताना तो घसरला, गुडघ्यावर पडला, पण तो हात काही खाली आला नाही. उठून पुन्हा चढू लागला. पन्नाशीचा माणूस, वजन शंभरच्या पुढे, समोर चिखलाचा चढ.

"किती वेळ लागेल?" मॅव्हिसने विचारलं.

हेस्टरने अंतर बघितलं, चढ बघितला, क्लेमंट बघितला. "आठ मिनिटं. जरा कमी-जास्त."

घड्याळात दोन चव्वेचाळीस झाले होते.

तेवढ्यात आयव्हर हलला. अंधाराच्या पारड्याजवळ गेला, आत हात घातला, दगड चाळवले आणि आपला दगड उचलला. दांडी सावकाश वर आली, एकदा इकडे, एकदा तिकडे झुलली आणि बोटभर फरकाने सरळ थांबली. उभ्या माणसाच्या डोळ्यांना ती सरळच दिसत होती.

"घे," आयव्हर म्हणाला. सात आठवड्यांत तो पहिल्यांदा थेट मॅव्हिसशी बोलत होता. "तुझा मुहूर्त. एक मिनिट बाकी आहे, हाक मार."

"हे काय करतोयस?"

"दिसतंय की. माझा दगड आहे, मी उचलला."

"आयव्हर, तो नेस्ताच्या खुर्चीचा दगड आहे."

"मला माहीत आहे कशाचा आहे ते."

"वर्षभर परत खिशात घेऊन फिरशील?"

"दोन वर्षं फिरलोच आहे. खिसा मजबूत आहे." त्याने दगड खरोखरच खिशात टाकला. "रविवारी तू येणार नाहीस, मॅव्हिस. मला कुणी सांगितलं नाही. एकतीस वर्षं ओळखतो तुला, सांगायला कशाला लागतंय? तू नसलीस तर रविवार घेऊन मी करू काय? हाक मार."

मॅव्हिस हाक मारायला वळली. उजेडाच्या पारड्यासमोर तिने दोन्ही हात वर केले. रेनकोटच्या बाह्यांतून झग्याच्या बाह्या बाहेर आल्या. हेस्टरने घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. चाळीस सेकंद. पस्तीस.

खालून क्लेमंटचा धापा टाकत ओरडण्याचा आवाज आला. "करू नका! आलो! म्हणजे... करा! करा! वेळ झाली असेल तर करा!"

मॅव्हिसचे हात वरच राहिले. मग तिने मान वळवून उताराकडे पाहिलं. क्लेमंट कमरेतून वाकून एका हाताने गवत धरत चढत होता. दुसरा हात छातीशी.

"त्याच्या मुठीत काय आहे?" तिने विचारलं.

"अंडं असणार," प्रू म्हणाली. ती आता पूर्ण जागी होती.

"लडलोपासून असंच धरून आणलं असेल?"

"बस एका हाताने चालवली नसेल अशी आशा करूया," हॉथॉर्न म्हणाला.

मॅव्हिसने हात खाली घेतले. "आयव्हर, दगड ठेव परत."

"मॅव्हिस, वीस सेकंद..."

"मी म्हणते ठेव. पाच जणांचा काटा सरळ करून मी काय आकाशाला दाखवू? सहावा तो तिथे चिखलात लोळतोय. आणि तू एकटा दोन खुर्च्या उचलणार, आणि मी म्हणणार, वा, काय बरोबरी झाली! ठेव. नाहीतर तुझ्या खिशात हात घालून मी काढीन, आणि मग नियम मोडल्याचं पाप तुझ्या माथी."

आयव्हरने दगड काढला. त्याने हात पारड्यावर नेला, तेव्हा मॅव्हिसने त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला. दगडाला ती शिवली नाही. दगड पारड्यात पडला. दांडी पुन्हा अंधाराकडे झुकली.

हेस्टरच्या मनगटावर गजर वाजला. दोन सेहेचाळीस.

"बंद कर गं ते," मॅव्हिस म्हणाली. "आणि कुणीतरी त्या माणसाला चहा काढून ठेवा. गळक्या थर्मासातला नको."

मग ते पाच जण उताराच्या कडेला ओळीने उभे राहून क्लेमंटकडे बघत राहिले. कुणी काही करू शकत नव्हतं. हॉथॉर्न "चल रे, चल रे" म्हणत होता, शर्यतीतल्या घोड्याला म्हणावं तसं. मॅव्हिस आणि आयव्हर शेजारी शेजारी उभे होते. हेस्टरने अंतर मोजलं नाही.

"मेच्या पहिल्या तारखेचा सण कोणत्या वारी येतोय?" मॅव्हिसने समोर बघत विचारलं.

"शुक्रवारी," आयव्हर म्हणाला. उत्तर तयारच होतं.

"म्हणजे रविवार तीन तारखेला."

"तीन तारखेला."

"मी येईन. पण वेळ मी ठरवणार."

"ठरव."

"सकाळी दहा."

"प्रू आठला सुटते, मॅव्हिस. तिला झोपू दे. बारा."

"अकरा."

"साडेअकरा."

"अकरा वीस," मॅव्हिस म्हणाली. "आणि अकरा एकवीसला मी कुणासाठी थांबणार नाही."

आयव्हरने मान खाली घातली, पण त्याच्या मिशीखाली काय चाललंय ते हेस्टरला बाजूने दिसत होतं. तिने टेप उघडली आणि बंद केली, उघडली आणि बंद केली. मॅव्हिसने न बघताच तिचा हात धरून तो चाळा थांबवला. मग तो हात तिने सोडला नाही.

दोन वाजून चोपन्न मिनिटांनी क्लेमंट वर पोचला. तो गवतावर बसला, मग आडवा झाला, मूठ मात्र वरच.

"मेंढ्या," तो म्हणाला. "बासष्ट. रस्ताभर. मी हॉर्न वाजवला तर सगळ्या खालीच बसल्या." त्याने श्वास घेतला. "मुहूर्त गेला ना?"

"गेला," मॅव्हिस म्हणाली. "चहा घे."

"माझ्यामुळे. मॅव्हिस, मला माफ..."

"मेंढ्यांमुळे. चहा घे म्हटलं ना."

त्याने चहा घेतला, उठला आणि खिशातून दगड काढला. तो अंधाराच्या पारड्यासमोर उभा राहिला. "सगळीकडे उशिरा पोचणं," तो म्हणाला आणि दगड ठेवला. मग तो उजेडाच्या पारड्याकडे आला आणि त्याने मूठ उघडली.

"हे काय?" हेस्टर म्हणाली.

अंडं जांभळट लाल होतं, त्यावर पांढऱ्या खडूने हसरा चेहरा काढलेला. ते क्लेमंटच्या तळहातात मावत नव्हतं.

"तू दिलेलं अंडं मी काल खिशात ठेवलं," क्लेमंट म्हणाला, "आणि बसलो. चालकाच्या सीटवर. पूर्ण वजनाने. तुला सांगायची लाज वाटली. मग शेजारणीच्या हंसिणीचं मागून आणलं. ती हंसीण तीन दिवसांत एक देते, म्हणून एवढं जपून. डेपोतल्या किटलीत बीट टाकून उकडलं. सकाळपासून सगळ्यांच्या चहाला बीटाचा वास येतोय, आणि कुणाचं काम हे अजून कुणाला कळलेलं नाही." तो घाबरून सगळ्यांकडे बघू लागला. "का? चालत नाही का?"

आयव्हर आधी हसला. मग प्रू, मग हॉथॉर्न. हेस्टरने मॅव्हिसकडे पाहिलं. मॅव्हिस झग्याच्या बाहीने डोळे पुसत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"दगड आणि अंडी, असं ठरलं होतं," ती म्हणाली. "कुणाचं अंडं ते कुठे ठरलं होतं? ठेव रे बाबा. हळू ठेव, टोपली माझ्या हातची आहे."

क्लेमंटने दोन्ही हातांनी अंडं पारड्यात ठेवलं. दांडी चामड्यात करकरली आणि झुलायला लागली. एक टोक वर, एक खाली, मग उलट. हेस्टर गवतात गुडघे टेकून बसली. तिने या अंड्याचं वजन केलं नव्हतं आणि कुठलाही आकडा तिला आधी माहीत नव्हता. झुलणं थांबायला पन्नास सेकंद लागले. मग तिने टेप उलगडून तिचं टोक जमिनीला टेकवलं.

"काय येतंय?" मॅव्हिसने विचारलं. "वेळही सांग."

"दोन एकोणसाठ," हेस्टर म्हणाली. "उजेडाचं पारडं एकसष्ट सेंटिमीटर. अंधाराचं चौऱ्याहत्तर. उजेड जड."